जिमसाठी लेगिंग कशी निवडावी? : कापड, माप आणि थोडं विज्ञान



आजचा पाठ कपड्यांवर आहे. विषय वाचून काही जण म्हणतील, हा काय शाळेचा विषय झाला? पण आठवी-नववीच्या मुलींना शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षिकेला विचारून बघा. खेळाच्या तासाला कडेला जाऊन कोण बसतं, पोट दुखतंय म्हणून कोण सांगतं, उठाबशा काढताना एका हाताने टी-शर्ट खाली कोण ओढत असतं, हे सगळं तिला पाठ असतं. या सगळ्याच मुलींना व्यायामाचा कंटाळा असतो असं नाही. काहींना फक्त अंगातल्या कपड्यांची धास्ती असते. वाकलं तर मागून काय दिसेल, हा एकच विचार डोक्यात असेल तर उठाबशा कितीही काढा, लक्ष त्यात नसतंच.

पुढे याच मुली कॉलेजात जातात आणि जिम लावतात. त्यांच्या आयाही लावतात, आपल्यातल्या कितीतरी शिक्षिकाही जातात. तालुक्याच्या गावातही आता दुकानांच्या वरच्या मजल्यावर जिमची पाटी दिसते. फी भरून झाली की पहिला प्रश्न येतो, घालायचं काय? बहुतेक जणींचं उत्तर कपाटात तयार असतं, कुर्तीखाली घालतो ती लेगिंग. गडबड इथूनच सुरू होते.

दोन लेगिंग्ज, दोन वेगळ्या वस्तू

कुर्तीखालची लेगिंग वरून लांब कुर्ती येणार हे गृहीत धरूनच शिवलेली असते. कापड पातळ, बहुतेक वेळा सुती, त्यात ताणण्यापुरता थोडा लायक्रा, आणि घोट्याला चुण्या पडाव्यात म्हणून लांबी जास्त. मागचा भाग झाकण्याची जबाबदारी कुर्तीची, लेगिंगची नाही. तीच लेगिंग आखूड टी-शर्टखाली घालून कोणी बैठक मारली तर कापड ताणलं जातं आणि आरपार दिसतं. यात त्या लेगिंगचा काही दोष नाही. तिला ते काम दिलेलंच नव्हतं.

आता जरा कापडाकडे वळू. साडी किंवा शर्टाचं कापड मागावर विणतात, उभे आणि आडवे धागे एकमेकांतून जातात. ते फारसं ताणत नाही. बनियन, मोजे, लेगिंग यांचं कापड मात्र स्वेटरसारखं, टाक्यात टाका गुंफून केलेलं असतं. आपण त्याला होजिअरी म्हणतो आणि आपल्या देशात तमिळनाडूतलं तिरुपूर हे त्याचं मोठं केंद्र आहे. ताणलं की प्रत्येक टाका उघडतो, जाळीची भोकं मोठी होतात, आणि तिथूनच आरपार दिसतं. म्हणून व्यायामाच्या चांगल्या लेगिंगचं कापड बहुधा दुहेरी गुंफणीचं असतं. दुकानदार त्याला ‘इंटरलॉक’ म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्याच दिसतात. एकेरी गुंफणीत एका बाजूला उभ्या रेघा आणि उलट्या बाजूला आडव्या लहरी दिसतात. आपल्या आज्या स्वेटर विणताना सुलट-उलट टाके म्हणायच्या, तेच हे. डोळ्यांजवळ धरून बघा, लगेच फरक कळतो.

ताणलेलं कापड परत जागेवर आणायचं काम स्पँडेक्सच्या धाग्याचं. लेबलवर कुठे स्पँडेक्स, कुठे इलास्टेन, कुठे लायक्रा लिहिलेलं असतं. गोंधळू नका, वस्तू एकच आहे. लायक्रा हे त्याचं एका कंपनीने ठेवलेलं नाव. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हा धागा तयार केला. तो मूळ लांबीच्या पाचपटीच्या आसपास ताणून सोडला तरी परत येतो. तसंच ‘पॉलिअमाइड’ असं भारदस्त नाव दिसलं तर ते आपलं नायलॉनच. व्यायामाच्या लेगिंगमध्ये साधारणपणे ७५ ते ८५ टक्के नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि १५ ते २५ टक्के स्पँडेक्स असतं. कुर्तीखालच्या सुती लेगिंगमध्ये हा आकडा बहुतेक ५ टक्क्यांच्या आसपास असतो. नायलॉन हाताला मऊ लागतं आणि घासायला टिकाऊ असतं, पॉलिस्टर स्वस्त पडतं आणि लवकर वाळतं, पण घामाचा वास धरून ठेवतं.

किंमत बघून फसू नका

महाग घेतली म्हणजे झालं, असं पालकांना वाटतं. तसं नाही. मार्च २०१३ मध्ये लुलुलेमॉन या कॅनडातल्या नावाजलेल्या कंपनीला आपल्या काळ्या योगा पँट्स दुकानांतून परत घ्याव्या लागल्या होत्या. कारण हेच, कापड आरपार दिसत होतं. जगातल्या महागड्या कंपनीचं असं होतं, तर आपण दुकानात दोन मिनिटं जास्त घालवायला लाजायचं कशाला?

माझी आवडती परीक्षा वर्तमानपत्राची. लेगिंगचा मागचा भाग एकेरी करून, म्हणजे आत हात घालून वरचा एकच पदर, छापील कागदावर ठेवा आणि अंगावर ताणला जाईल तितका ताणा. खालची अक्षरं वाचता आली तर ती लेगिंग परत ठेवून द्या. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली नको, दाराशी उजेडात जाऊन करा. काळा रंग म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमजच. काळं कापड दिव्याखाली दाट दिसतं आणि उन्हात फसवतं.

दुसरी परीक्षा शिवणीची. लेगिंग उलटी करा आणि मांडीच्या आतल्या शिवणीवरून बोट फिरवा. नेहमीच्या ओव्हरलॉकची उभी कड बोटाला लागते. अर्धा तास चाललं की हीच कड मांडीला लागते आणि कातडी सोलवटते. व्यायामाच्या कपड्यांना ‘फ्लॅटलॉक’ शिवण असते, तीत दोन्ही कडा सपाट बसवलेल्या असतात. मग शिवण दोन्ही हातांनी ताणा. कट्कट् आवाज आला तर दोरा तुटतोय असं समजा.

आणि तिसरी, जिच्याकडे कोणी बघतच नाही. दोन्ही पाय जिथे मिळतात तिथे, म्हणजे आसनाशी, चार शिवणी एका बिंदूत येताहेत का, की मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलाय? हा तुकडा हवाच. त्यामुळे पाय फाकवताना ताण एका बिंदूवर न येता पसरतो, शिवण उसवत नाही आणि घासतही नाही. आपल्याकडचे जुने शिंपी लेंग्याला आणि सलवारीला असाच तुकडा घालत. त्या तुकड्याला आतून सुती अस्तर असेल तर फारच उत्तम.

सुती चांगलं की पॉलिस्टर?

पालकसभेत हा वाद हमखास रंगतो. आईचं म्हणणं, सुती घाल, घाम शोषतं. मुलीचं म्हणणं, जिममध्ये कोणी सुती घालत नाही. दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे, आणि इथेच आपल्याला विज्ञानाचा तास घेता येतो.

दहावीत मुलं अप्रकट उष्मा शिकतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला १०० अंशांना ५४० कॅलरी उष्णता लागते, हे त्यांना पाठ असतं. अंगावरच्या घामाची वाफ होताना तापमान कमी असतं, म्हणून ग्रॅममागे याहून थोडी जास्तच, सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता येते कुठून? आपल्या कातडीतून. म्हणून घाम आला की थंडावा मिळतो असं म्हणणं अर्धवट आहे. घाम वाळला की थंडावा मिळतो. निथळून जमिनीवर पडलेल्या घामाचा काही उपयोग नाही.

कापूस पाणी स्वतःच्या तंतूत ओढून घेतो. नेहमीच्या हवेतही कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा त्यात असतो. नायलॉनमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिस्टरमध्ये जेमतेम ०.४ टक्के. सुती कापड घाम पितं हे खरं, पण तो धरूनही ठेवतं. जड होतं, लोंबतं, चिकटतं. पॉलिस्टरचा तंतू पाणी आत घेत नाही. धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी केशाकर्षणाने पसरतं आणि मोठ्या पृष्ठभागावरून लवकर वाळतं. अर्थात कापड तसं बनवलेलं असेल तर. स्वस्तातलं साधं पॉलिस्टर पाणी पसरवतही नाही आणि हवाही खेळू देत नाही. त्यात माणूस नुसता उकडतो.

माझं मत विचाराल तर, घरातली योगासनं, सूर्यनमस्कार, सकाळचं चालणं यासाठी जाडसर सुती लेगिंग पुष्कळ झाली. तासभर घाम काढायचा असेल, ट्रेडमिलवर पळायचं असेल, तर नायलॉन-स्पँडेक्स. हवेचाही विचार करा. विदर्भातल्या कोरड्या हवेत घाम पटकन वाळतो. रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत कुठलंच कापड जादू करत नाही. तिथे पूर्ण लांबीपेक्षा पोटरीपर्यंतची लेगिंग बरी, आणि व्यायाम संपला की लगेच बदलायला दुसरा कपडा हवा.

वर्गात करता येतील असे तीन प्रयोग

यासाठी नवीन काही विकत आणायचं नाही. घरातल्या जुन्या लेगिंग्ज आणि शिंप्याकडच्या चिंध्या पुरतात.

पहिला केशाकर्षणाचा. सुती, साधं पॉलिस्टर आणि खेळाच्या टी-शर्टचं कापड यांच्या २ सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापा. काठीला लटकवून खालचं टोक शाई घातलेल्या पाण्यात बुडवा. दहा मिनिटांनी पाणी किती वर चढलं ते पट्टीने मोजा. मग पट्ट्या बाहेर काढून कुठली आधी वाळते ते बघा. चढणं आणि वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना न सांगता कळतं.

दुसरा परत येण्याचा. कापडावर पेनाने १० सेंमी अंतरावर दोन खुणा करा. ताणून अंतर १५ सेंमी करा, अर्धा मिनिट धरा, सोडा, मिनिटभराने मोजा. १०.२ भरलं तर २ टक्के वाढ राहिली, चांगलं कापड. ११ भरलं तर १० टक्के. अशीच लेगिंग महिन्याभरात गुडघ्याला पिशवी सोडते आणि उडी मारताना कंबरेवरून घसरते. शेकडेवारीचं याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

तिसरा वजनाचा. १० सेंमी बाय १० सेंमीचा चौकोन कापून प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोला. आलेल्या ग्रॅमला १०० ने गुणा, कारण एका चौरस मीटरमध्ये असे १०० चौकोन बसतात. कापडाच्या व्यापारात याला जीएसएम म्हणतात. चौकोन २.४ ग्रॅम भरला तर कापड २४० जीएसएमचं. व्यायामाच्या लेगिंगला साधारण २२० ते ३०० जीएसएम ठीक. त्याखाली गेलं की वर्तमानपत्र दिसायला लागतं, फार वर गेलं की आपल्या उन्हाळ्यात सोसवत नाही.

माप आणि ट्रायल रूम

एस, एम, एल या अक्षरांवर विसंबू नका. एका कंपनीची एम दुसऱ्या कंपनीची एल असते. शिंप्याची टेप घ्या आणि तीन मापं लिहून ठेवा: कंबर, सीटचा सगळ्यात रुंद घेर, आणि आसनापासून घोट्यापर्यंतची आतली लांबी. कंबर आणि सीट वेगवेगळ्या मापांत बसत असतील तर सीटचं माप धरा, कंबरेला आत नाडी असलेली लेगिंग घ्या. वाढत्या वयाच्या मुलीला ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठी घेऊ नका. फ्रॉकला चालतं ते, लेगिंगला नाही. ढिली लेगिंग घसरते आणि पुन्हा तेच, व्यायाम सोडून ती वर ओढत बसायचं. आणि लहान मापाची घेतली तर तेच चांगलं कापड जास्त ताणलं जाऊन आरपार दिसतं.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर नुसतं सरळ उभं राहून काही कळत नाही. एक पूर्ण बैठक मारा. वाकून पायाचे अंगठे धरा. एकेक गुडघा छातीशी आणा. दोन उड्या मारा. मग मांडी घालून बसा आणि पोटभर श्वास घ्या. पट्टा दुमडून खाली येत असेल किंवा श्वास अडत असेल तर ती लेगिंग तुमची नाही. मुलीबरोबर आई किंवा मैत्रीण असेल तर मागून बघायला तिलाच सांगा. मोबाइलवर फोटो काढायची गरज नाही, आणि अनोळखी ट्रायल रूममध्ये तर नकोच.

व्यायामानुसार थोडा फरक पडतो. वजनं उचलणारीला उंच कंबरेची आणि जाड कापडाची लेगिंग बरी, वाकताना पाठ उघडी पडत नाही. पळणारीला हलकी, नाडीची, चावी ठेवायला खिसा असलेली. सायकल चालवणारीला पायाशी घट्ट, म्हणजे साखळीत अडकायला नको. घेरदार सलवार आणि ओढणी ट्रेडमिलवर किंवा सायकलवर घालू नये, हे मात्र सगळ्यांनाच स्पष्ट सांगा. हा फॅशनचा मुद्दा नाही, ओढणी पट्ट्यात किंवा चाकात ओढली गेली की जीव जाऊ शकतो.

‘घाला आणि बारीक व्हा’ अशा जाहिरातीच्या रबरी किंवा प्लॅस्टिकसारख्या लेगिंग्ज घेऊ नका. त्यांत घाम खूप येतो, म्हणून काट्यावर वजन कमी दिसतं. ते वजन पाण्याचं असतं, चरबी तिथेच असते. दोन तांबे पाणी प्यायलं की वजन परत येतं. घाम वाळू न देणाऱ्या कपड्यात अंग तापतं, चक्कर येते. वाढत्या वयाच्या मुलींच्या हातात हे येऊच देऊ नका.

पाळी, पांढरा गणवेश आणि ‘असलं घट्ट कशाला?’

हा भाग लिहिताना हात आखडता घेत नाही, कारण वर्गातल्या रिकाम्या जागा इथूनच होतात. आपल्याकडे बऱ्याच शाळांत शनिवारी कवायतीला पांढरा गणवेश असतो. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यात सूर्यनमस्कार घालायचे म्हणजे मुलीच्या जिवाला किती घोर असतो, हे आपण शिक्षिका जाणतो. विम्बल्डनसारख्या, पांढऱ्या रंगाचा शतकभर हट्ट धरणाऱ्या स्पर्धेने २०२३ पासून महिला खेळाडूंना आत गडद रंगाची चड्डी घालायची मुभा दिली. त्याच वर्षी इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने पांढरी शॉर्ट सोडून निळी घेतली. मग शनिवारी पांढऱ्या स्कर्टखाली गडद निळी आखूड लेगिंग घालायला आपण परवानगी देऊ शकत नाही का? मुख्याध्यापकांशी एकदा बोलून बघा. जिमसाठीही काळा, गडद निळा, वाइन हे रंग निवडा. फिकट राखाडीवर घामाचा डाग सगळ्यात आधी उमटतो.

‘इतकं घट्ट घालून जायचं?’ हा प्रश्न पालक विचारतात, कधी आजी विचारते. या प्रश्नाला हसू नये. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख घालून उतरल्या. त्याच महिन्यात नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाला बिकिनीऐवजी शॉर्ट घातल्या म्हणून १५०० युरो दंड झाला. गंमत बघा, तिथे खेळाडूंना जास्त झाकायचं होतं आणि नियम अडवत होते. दोन्हीकडे भांडण कापडाच्या लांबीचं नव्हतं, ती कोण ठरवणार याचं होतं. तेव्हा मुलीला विचारा, तुला कशात मोकळं वाटतं? लेगिंगवर सैल शॉर्ट घालता येते, मांडीपर्यंत लांब टी-शर्ट घालता येतो, घोट्याला इलॅस्टिक असलेली ट्रॅक पँटही चालते. एखादीला लेगिंग नकोच असेल तर व्यायामाचं काही बिघडत नाही.

घरी आल्यावर

घामेजलेली लेगिंग अंगावर ठेवून क्लासला जाणं, भाजी आणायला जाणं टाळा. ओलं, घट्ट आणि उबदार कापड म्हणजे बुरशीला आमंत्रण. जांघेतला नायटा आपल्या दमट हवेत फार जणांना होतो. खाज सुटली तर शेजारणीने सांगितलेलं मलम आणू नका. स्टेरॉइड असलेल्या मलमाने तो आधी दबतो आणि मग जास्त पसरतो. सरळ डॉक्टरांना दाखवा.

धुताना लेगिंग उलटी करा, थंड पाणी आणि साधी पावडर वापरा. ब्लीच स्पँडेक्सचा धागा खातं. कपडे मऊ करणारं लिक्विड तंतूंवर थर धरतं आणि मग घाम पसरत नाही. दगडावर आपटणं, ब्रशने घासणं, इस्त्री करणं, सगळं बंद. पिळताना पीळ देऊ नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा, कारण कडक ऊनही या धाग्याला मारक असतं. रोज व्यायाम असेल तर एकच महागडी घेण्यापेक्षा त्याच पैशात बऱ्या कापडाच्या दोन घ्या, म्हणजे आलटून पालटून धुऊन वाळवता येतात.

दर तीन-चार महिन्यांनी वर्तमानपत्राची परीक्षा पुन्हा घ्या. स्पँडेक्स थकतो, कापड विरळ होतं, आणि रोज घालणारीच्या ते लक्षात येत नाही. अक्षरं दिसायला लागली की ती लेगिंग जिममधून काढून घरात वापरायला घ्या, आणि अगदीच गेली की १० सेंमीचा चौकोन कापून शाळेत पाठवून द्या. तिसऱ्या प्रयोगाला जुनं कापड नेहमी कमी पडतं.